अफूची किल्ली आणि मेंदूंतील कुलूप

वेदना ही प्राणिमात्राच्या घरची राखणदार आहे. कांटा रुतला, चटका बसला, हाड मोडलें, कीं ती ओरडते. आणि ती ओरडते म्हणूनच प्राणी पाय मागें घेतो, जखमेस जपतो व जगतो. ज्या थोड्या अभागी मनुष्यांस जन्मतःच वेदना कळत नाहीं, त्यांचीं हाडें नकळत मोडतात व जिभा दांतांखालीं चिरडतात. तेव्हां वेदनेस केवळ शत्रु समजणें हा कृतघ्नपणा होईल. परंतु चोर निघून गेल्यावरही जो राखणदार रात्रभर आरडाओरड करीत राहतो, त्याच्यापायीं घरच्यांची झोंप उडावयाचीच. अशा राखणदारास वेळीं गप्प बसविण्याची कांहीं तरी सोय निसर्गानें घरांतच करून ठेविली असली पाहिजे, हा विचार आज सोपा वाटतो. पण तो सिद्ध होण्यास फार काळ लागला, आणि झाला तोही उलट्या क्रमानें. किल्ली हजारों वर्षें मनुष्याच्या हातांत होती; कुलूप सांपडलें तें १९७३ सालीं. त्या किल्लीचा व कुलुपाचा इतिहास येथें थोडक्यांत सांगावयाचा आहे.

१८४४ सालीं दक्षिण आफ्रिकेंत माबोत्सा या गांवाजवळ डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनऱ्यावर एका जखमी सिंहानें झडप घातली. सिंहानें त्याचा खांदा जबड्यांत धरला व दंडाचें हाड चुरडलें. पुढें १८५७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तांत लिव्हिंग्स्टननें लिहिलें आहे कीं, त्या क्षणीं आपणांस भीतीही वाटली नाहीं व वेदनाही जाणवली नाहीं. घडत होतें तें सर्व कळत होतें, मात्र एक प्रकारची गुंगी आली होती. यावरून त्यानें असा तर्क केला कीं, हिंस्र पशूंच्या तोंडीं सांपडणाऱ्या सर्वच प्राण्यांस अशी गुंगी येत असावी, आणि मरणाचें दुःख कमी करण्याची ती दयाळु परमेश्वराची योजना असावी. परमेश्वराची योजना हा श्रद्धेचा प्रश्न झाला. पण प्राण्याच्या शरीरांतच वेदनाशमनाची व्यवस्था आहे, या तर्काच्या उत्तरार्धास पुरावा मिळण्यास सव्वाशें वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

किल्लीचा इतिहास मात्र पुष्कळ जुना आहे. खसखशीच्या बोंडास चीर दिली म्हणजे जो चीक पाझरतो, तीच अफू. आपल्याकडे चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत तिचा पत्ता नाहीं. मध्ययुगीन वैद्यकग्रंथांत ती ‘अहिफेन’ या नांवानें आली. सापाच्या तोंडचा फेंस हा त्या नांवाचा अर्थ, आणि औषध व विष या दोहोंची जाणीव त्या एका शब्दांत सांठविली आहे. मुंबईचें नांव तर अफूच्या इतिहासांतून पुसून टाकणें शक्यच नाहीं. माळव्याची अफू मुंबईच्या बंदरांतून चीनकडे जात असे, व त्या व्यापारांत ज्या सर जमशेटजी जीजीभाई यांनीं अमाप संपत्ति मिळविली, त्यांच्याच देणगींतून १८४५ सालीं मुंबईस रुग्णालय उभें राहिलें. त्याच शहरांत पुढें गिरण्यांत जाणाऱ्या मजूर स्त्रिया, पाळणा हलवावयास घरीं कोणी नाहीं म्हणून, तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळगोळी’ देत. मूल रडत नसे. तें निजून राही. कांहीं मुलें या झोंपेंतून उठतच नसत. अफूचे हे दोन चेहरे निरनिराळे नाहीत, एकाच चेहऱ्याच्या त्या दोन बाजू आहेत, ही गोष्ट त्या मातांस समजली नाहीं यांत नवल कसलें? ती विद्वानांसही दोनशें वर्षें समजत नव्हती.

अफूंतील सत्त्व वेगळें काढलें तें एका औषधविक्याच्या हाताखालीं काम करणाऱ्या तरुणानें. फ्रीडरिख सेर्ट्युर्नर हा जर्मनींतील पाडरबोर्न येथें उमेदवारी करीत होता. १८०५ च्या सुमारास, वयाच्या बाविशीच्या आंतबाहेर असतां, त्यानें अफूंतून पांढरे स्फटिक वेगळे केले व ते कुत्र्यांस देऊन पाहिले. कुत्रीं गुंगलीं. परंतु या पोराकडे कोणी लक्ष दिलें नाहीं. तेव्हां कांहीं वर्षांनीं त्यानें तें द्रव्य स्वतः घेतलें व तीन तरुणांस घ्यावयास लाविलें. अर्ध्या अर्ध्या ग्रेनचे तीन डोस पाऊण तासाच्या आंत पोटांत गेल्यावर चौघांचीही अशी अवस्था झाली कीं, त्यास भरपूर व्हिनेगर पाजून वांत्या करवाव्या लागल्या. १८१७ सालीं हें सर्व त्यानें प्रसिद्ध केलें. ग्रीक पुराणांतील स्वप्नांची देवता मॉर्फियस, हिच्या नांवावरून त्यानें या द्रव्यास दिलेलें नांव पुढें ‘मॉर्फीन’ असें रूढ झालें.

येथून एका आशेचा इतिहास सुरू होतो, आणि तो वाचतांना मनुष्याच्या चिकाटीचें कौतुक करावें कीं त्याच्या विसराळूपणाचें आश्चर्य करावें हें कळेनासें होतें. अफूचें व्यसन लागतें, पण शुद्ध मॉर्फीनचें लागणार नाहीं, अशी पहिली आशा. १८५३ सालीं एडिंबरोच्या अलेक्झांडर वुडनें पोकळ सुईची पिचकारी वापरांत आणली, तेव्हां पोटांत न जातां त्वचेखालीं टोंचलेलें औषध व्यसन लावणार नाहीं, अशी दुसरी आशा. दोन्ही फसल्या. १८९८ सालीं जर्मनींतील बायर कंपनीनें मॉर्फीनचेंच एक रूपांतर खोकल्याचें निर्धोक औषध म्हणून बाजारांत आणलें. त्याचें नांव हेरॉईन! पुढें काय झालें तें सांगावयास नको. १९३९ च्या सुमारास जर्मनींतच पेथिडीन निघालें. तें मुळांत आंतड्यांची उबळ थांबविण्यासाठीं शोधलें होतें. पण टोंचलेल्या उंदरांच्या शेपट्या इंग्रजी एस् अक्षरासारख्या वळून उभ्या राहिल्या. मॉर्फीन टोंचलेल्या उंदराचें हें लक्षण फ्रायबुर्गच्या वॉल्टर श्ट्राउबनें १९११ सालीं वर्णिलेलें असल्यामुळें, हें द्रव्य वेदनाशामक असावें हें ओट्टो शाउमानच्या ध्यानांत आलें. उंदराच्या शेपटीनें सत्य सांगितलें होतें, आणि तें पुरतें ऐकिलें गेलें नाहीं. जें मॉर्फीनप्रमाणें शेपटी वळवितें, तें मॉर्फीनप्रमाणें मनही वळविणार, हा त्याचा अर्थ होता. पेथिडीनचेंही व्यसन लागलेंच.

इतक्या भिन्न द्रव्यांची करणी एकच कशी? या प्रश्नांतून कुलुपाची कल्पना पुढें आली. औषधें शरीरांतील पेशींवर कोठें तरी नेमक्या जागीं बसतात, हें मत केंब्रिजच्या जॉन लँग्लीनें १९०५ सालींच मांडलें होतें. अशा जागेस इंग्रजींत ‘रिसेप्टर’ म्हणतात. आपण तिला ‘ग्राही’ म्हणूं. मॉर्फीनच्या बाबतींत तीन पुरावे बोलके होते. पहिला असा कीं, या कुळांतील कांहीं द्रव्यांचे रेणु डाव्या व उजव्या हातमोज्यांप्रमाणें एकमेकांचीं आरशांतील प्रतिबिंबें असतात. त्यांतील एक वेदना शमवितें, दुसरें शमवीत नाहीं. उजवा मोजा डाव्या हातांत बसत नाहीं, तेव्हां हात असलाच पाहिजे. दुसरा पुरावा मात्रेचा. १९६० नंतर एटॉर्फीन हें द्रव्य निघालें. तें मॉर्फीनच्या हजारपटींहून अधिक प्रभावी असून, त्याच्या कांहीं मिलिग्रॅमांनीं गेंडा किंवा हत्ती जमिनीवर बसतो. इतक्या अल्प वस्तूनें एवढें धूड खालीं येतें, तें वस्तूच्या भारानें नव्हे; ती नेमक्या जागीं बसते म्हणून. तिसरा पुरावा नॅलोक्सोनचा. १९६० च्या आसपास तयार झालेलें हें द्रव्य कुलुपांत शिरतें पण फिरत नाहीं, आणि आंत असलेल्या मॉर्फीनला मात्र बाहेर ढकलतें. अफूनें निळ्या पडलेल्या मनुष्यास तें दोन मिनिटांत श्वास घ्यावयास लावतें.

कुलूप असेल तर तें कोठें? १९६४ सालीं शांघायच्या दोन शास्त्रज्ञांनीं सशाच्या मेंदूंत ठिकठिकाणीं मॉर्फीनचे सूक्ष्म थेंब सोडले, व मेंदूच्या गाभ्यांतून जाणाऱ्या अरुंद नळीभोंवतालच्या करड्या भागांत ते पडले असतां वेदना नाहींशी होते असें दाखविलें. १९६९ सालीं अमेरिकेंत डेव्हिड रेनॉल्ड्स यानें उंदरांच्या मेंदूंतील नेमक्या याच भागास विजेचें हलकें उत्तेजन दिलें, आणि भूल न देतां त्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया केली; उंदीर जागे होते व स्वस्थ होते. येथें तर औषधाचा थेंबही नव्हता! मेंदूच आपली वेदना आपण शमवीत होता. पुढें लॉस अँजेलिसच्या शास्त्रज्ञांना असें आढळलें कीं, नॅलोक्सोन दिल्यावर हें शमन बऱ्याच अंशीं ओसरतें. याचा अर्थ उघड होता: विजेनें मेंदूंतील एखादें अफूसारखें द्रव्य मोकळें केलें असलें पाहिजे.

कुलूप हाताला लागण्याचा मान बाल्टिमोरच्या जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठांतील कँडेस पर्ट या सव्वीस वर्षांच्या विद्यार्थिनीस व तिचे गुरु सॉलोमन स्नायडर यांस मिळाला. स्टॅनफर्डच्या अव्राम गोल्डस्टीन यांनीं १९७१ सालीं रीत आंखून दिली होती, पण त्यांची खूण फार फिकी होती. पर्टनें उंदराचा मेंदू कुटून त्यांत किरणोत्सर्गी नॅलोक्सोन मिसळलें, सैल चिकटलेलें चटकन् धुवून टाकलें, आणि घट्ट बसलेलें मोजलें. मार्च १९७३ मध्यें हा शोध प्रसिद्ध झाला. त्याच सालीं न्यूयॉर्कचे एरिक सायमन व स्वीडनचे लार्स टेरेनियस यांनींही स्वतंत्रपणें तोच निष्कर्ष काढला. सायमन यांनीं तर हत्तीला खालीं बसविणारें एटॉर्फीनच वापरलें होतें. १९७८ सालीं या क्षेत्रांतील लास्कर पारितोषिक स्नायडर, ह्यूज व कॉस्टरलिट्झ यांस मिळालें. जिच्या हातून प्रयोग झाला त्या पर्टचें नांव त्यांत नव्हतें, व तिनें तसें उघड बोलूनही दाखविलें.

शोधानंतर लगेच पाहण्यांत आलें कीं, हे ग्राही एकट्या उंदराच्या वा मनुष्याच्या मालकीचे नाहींत. माकड, बेडूक व मासे यांत ते आहेतच. पण जबडाही नसलेल्या हॅगफिश नांवाच्या अतिप्राचीन जातीच्या जलचरांतही ते आढळले. पाठीचा कणा धारण करणारी सृष्टि जितकी जुनी, जवळजवळ तितकीच ही व्यवस्था जुनी. आतां प्रश्न असा कीं, खसखशीचें शेत ज्यानें जन्मांत पाहिलें नाहीं, त्या समुद्रतळींच्या प्राण्याच्या मेंदूंत अफूचें कुलूप निसर्गानें कशासाठीं बसविलें? उत्तर एकच संभवतें. तें कुलूप अफूसाठीं नाहींच. शरीराची स्वतःची किल्ली दुसरी आहे, आणि अफूची किल्ली योगायोगानें तिच्यासारखी घडली आहे.

ती मूळ किल्ली स्कॉटलंडांत ॲबर्डीन येथें सांपडली. हान्स कॉस्टरलिट्झ हे बर्लिनचे. हिटलरच्या राज्यांतून १९३४ सालीं ते बाहेर पडले व ॲबर्डीनला स्थायिक झाले. त्यांचें साधन अगदीं साधें होतें. गिनीपिगच्या आंतड्याचा तुकडा क्षारजलांत टांगावयाचा व विजेच्या ठोक्यासरशीं तो आकसतो तें मोजावयाचें. मॉर्फीन घातलें कीं आकसणें मंदावतें. नॅलोक्सोन घातलें कीं पूर्ववत् होतें. त्यांचे तरुण सहकारी जॉन ह्यूज हे भल्या पहांटे सायकलीवरून कसाईखान्यांत जात व डुकरांचे मेंदू घेऊन येत. कसायांची मर्जी राखण्यासाठीं ते व्हिस्की नेत असत असें सांगतात. त्या मेंदूंच्या अर्कानें विजेच्या ठोक्यानें आकसणारे असे तुकडे मंदावले आणि नॅलोक्सोननें ते पुन्हां चालूं लागले, तेव्हां शरीरांतील अफू सांपडली! डिसेंबर १९७५ मध्यें तिची घडण जाहीर झाली: पांच पांच अमिनो आम्लांच्या दोन लहानशा साखळ्या. ‘डोक्यांतील’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांना एन्केफॅलिन हें नांव मिळालें. या वेळीं कॉस्टरलिट्झ बहात्तर वर्षांचे होते. सेवानिवृत्तीनंतर नातवंडें खेळवावयाच्या वयांत त्यांनीं आयुष्यांतील सर्वांत मोठा शोध लाविला.

पुढील वर्षीं कॅलिफोर्नियांतील चो हाव ली यांनीं आणखी एक कडी जोडली. उंटाच्या अंगीं चरबी कमी, तेव्हां चरबीशीं संबद्ध असें एक संप्रेरक त्याच्यांत कसें असतें हें पाहण्यासाठीं त्यांनीं पूर्वीं एका इराकी विद्यार्थ्याकडून उंटांच्या पीयूषिका ग्रंथि मागविल्या होत्या. अपेक्षित वस्तु मिळाली नाहीं. मिळाली ती एकतीस अमिनो आम्लांची एक अनोळखी साखळी, व ती तशीच कपाटांत पडून राहिली. ॲबर्डीनचा शोध वाचतांच लींच्या ध्यानांत आलें कीं, आपल्या साखळीच्या आरंभीं तींच पांच अक्षरें आहेत. हेंच बीटा-एन्डॉर्फिन. ‘एन्डॉर्फिन’ म्हणजे अंतःस्थ मॉर्फीन.

आतां ही व्यवस्था चालते कशी तें पाहूं. पायास कांटा बोंचला कीं वार्ता मज्जातंतूंतून पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूपर्यंत येते. तेथें पहिला तंतु संपतो व दुसरा सुरू होतो. मधल्या सूक्ष्म फटींतून वार्ता रासायनिक द्रव्यांच्या रूपानें पलीकडे जाते. वेदनाशमनाचे ग्राही या नाक्यावर दोन्ही काठांना बसलेले आहेत. किल्ली फिरली कीं अलीकडच्या तंतूंत कॅल्शियम शिरणें कमी होतें व तो निरोपाचें द्रव्य सोडीत नाहीं. पलीकडच्या तंतूंतून पोटॅशियम बाहेर जातें व तो निरोप घेण्यास सुस्त होतो. पत्र टाकणारा थांबला आणि घेणाराही डुलक्या देऊं लागला, मग वार्ता कशी पोंचावी? शिवाय मेंदूच्या गाभ्यांतील तो करडा भाग वरून खालीं आज्ञा पाठवून हाच नाका आणखी आवळतो. जखम तीच असते. तिची हांक मात्र दरबारांत पोंचत नाहीं.

लिव्हिंग्स्टनच्या मेंदूंत त्या क्षणीं काय घडलें तें आज सिद्ध करतां येणार नाहीं. पण भयानें वा झुंजीनें त्रस्त झालेल्या उंदरांस वेदना कमी जाणवते, आणि अनेक प्रयोगांत नॅलोक्सोननें ती परत येते, हें दिसून आलें आहे. घोड्यांचे राखणदार नाल मारतांना किंवा जखम धुतांना अवखळ जनावराच्या वरच्या ओठास दोरीचा फांस पिळतात व तें शांत उभें राहतें, हा अनेक देशांतील जुना उपाय. वेदनेकडून वेदनेकडे लक्ष वळविणें एवढाच त्याचा अर्थ समजला जाई. १९८४ सालीं हॉलंडांतील शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, त्या वेळीं घोड्याच्या रक्तांत बीटा-एन्डॉर्फिन वाढतें, व नॅलोक्सोन दिल्यास फांसाचा गुण कमी होतो. मोतद्दारानें हजारदां केलेला प्रयोग शास्त्रास उशिरां उलगडला, इतकेंच.

येथपर्यंतची कथा आनंदाची आहे. कुलूप सांपडलें, मूळ किल्ली सांपडली; आतां व्यसन न लावणारें वेदनाशामक सहज घडवितां येईल, अशी तिसरी, चौथी कीं पांचवी आशा पुन्हां उदयास आली. ग्राही एकाच जातीचे नाहींत, हें लेक्सिंग्टन येथें विल्यम मार्टिन यांनीं कुत्र्यांवरील प्रयोगांतून १९७६ सालीं दाखविलें होतें. ज्यावर मॉर्फीन मुख्यतः बसतें त्यास ग्रीक ‘म्यू’ अक्षराचें नांव मिळालें. यांतील एक जात वेदना शमवीत असेल व दुसरी मोह पाडीत असेल, तर पहिलीचीच किल्ली करावी! १९९६ सालीं फ्रान्समधील ब्रिजिट कीफर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ज्यांच्यांत म्यू-ग्राही मुळींच नाहीं असे उंदीर तयार केले. त्या उंदरांस मॉर्फीननें वेदनाशमन झालें नाहीं. त्याचबरोबर त्यांस मॉर्फीनची ओढही लागली नाहीं आणि तें बंद केल्यावर त्यांची तडफडही झाली नाहीं. एक कुलूप काढून टाकतांच तिन्ही गोष्टी एकदम गेल्या. श्वासाची लय राखणाऱ्या मेंदूच्या भागांतही हेच ग्राही बसलेले आहेत. दार एक आहे. आंतील दालनें मात्र चार आहेत: आराम, मोह, बंधन आणि मरण. सेर्ट्युर्नरपासून चाललेल्या वेड्या आशेस उंदरांनीं दिलेलें हें उत्तर होय.

हें उत्तर न ऐकण्याचें फळ काय, तें अमेरिकेनें पाहिलें. तेथें १९९६ पासून एका कंपनीनें अफूच्या कुळांतील एक औषध, व्यसनाचें भय अल्प आहे असें सांगून, खपविलें; २००७ सालीं तिनें औषधाविषयीं दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला. तोंवर पुष्कळ घरें बुडालीं होतीं. पण याच्या उलट टोंकाची चूक आपल्याकडे घडली. मध्यप्रदेश, राजस्थान व उत्तरप्रदेश येथें परवान्यानें अफू पिकते व औषधांसाठीं परदेशींही जाते. परंतु १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें परवान्यांचें असें जाळें विणलें कीं, रुग्णालयांनीं मॉर्फीन ठेवणेंच सोडून दिलें, आणि कर्करोगाच्या अखेरच्या वेदना असंख्य रोग्यांनीं औषधावांचून सोसल्या. २०१४ सालीं तो कायदा सौम्य झाला. वैद्यांची व नातलगांची धास्ती मात्र कायद्याइतक्या लवकर बदलत नाहीं. मरणोन्मुख मनुष्यास व्यसन लागेल म्हणून मॉर्फीन नाकारणें हा विवेक नव्हे. ज्या कुलुपाचें आम्हांस आतां पुरतें ज्ञान आहे, त्याचें दार सरसकट उघडें टाकणें जितकें घातक, तितकेंच तें भिंतीनें बुजविणें निर्दयपणाचें आहे. मोजून, वेळेवर व पाहऱ्याखालीं उघडणें हाच मार्ग. अलीकडे, जानेवारी २०२५ मध्यें, वेदनेची वार्ता मज्जातंतूंतच अडविणाऱ्या एका वेगळ्या जातीच्या औषधास अमेरिकेंत मान्यता मिळाली. मेंदूंतील मोहाच्या दालनाशीं त्याचा संबंध नाहीं. त्यापासून कांहीं आशा बाळगावयाची ती इतिहास आठवूनच बाळगावी.

शेवटीं एका ऋणाचा उल्लेख केल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. सेर्ट्युर्नरचीं कुत्रीं, श्ट्राउबचे उंदीर, शांघायचे ससे, ॲबर्डीनचीं डुकरें व गिनीपिग, इराकचे उंट, कीफरबाईंचे उंदीर, या मुक्या जिवांच्या देहांवर ही सारी विद्या उभी आहे. त्यांनीं जें शिकविलें त्यांतील पहिला धडा असा कीं, आपली व त्यांची वेदनेची घडण एकच आहे. पशूंस दुःख कळत नाहीं असें म्हणून हात झटकावयास आतां जागा उरली नाहीं. ज्याच्या मेंदूंत वेदना शमविण्याचें कुलूप आहे, त्यास वेदना आहे हें मानावेंच लागतें. आपल्या १९६० च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्यानें प्रयोगांतील शस्त्रक्रियेपूर्वीं प्राण्यास भूल देण्याची अट घातली, ती या दृष्टीनें योग्यच होय. परंतु प्रयोगशाळेच्या बाहेर, गोठ्यांत, रस्त्यावर व टांग्याच्या अड्ड्यावर, हाड मोडलेल्या बैलास, चेंगरलेल्या कुत्र्यास किंवा पाय सुजलेल्या घोड्यास वेदनाशामक देण्याचें आपणांपैकीं कितीजणांच्या मनांत येतें? ज्यांच्याकडून आपण किल्ली ओळखावयास शिकलों, त्यांच्यासाठींही ती कधीं तरी फिरवावी, एवढें तरी त्यांचें आपणांवर देणें आहे.